पतंगाआधी शिकवणी

शहापूर-मुरबाडच्या मित्रांनो, नवा खेळ म्हटलं की आपल्याला "तुमचं काम नाय ते" हेच ऐकवलं जातं.

आज समुद्रावर काइटबोर्डिंग शिकायला गेलो. मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर उभं राहून पाणी कापायचं. मी तर मोठा पतंग विकतच घेणार होतो. पण शिकवणाऱ्या बाईंनी आधी वाळूवर छोटा पतंग हातात दिला.

वारा वाढला. घाबरून मी बैलाचा कासरा खेचावा तसा पतंगाच्या दोऱ्या बांधलेला हातातला दांडा खेचला आणि तोंडावर आपटलो.

"सोडा! खेचलं की जोर वाढतो!" बाई ओरडल्या.

सोबत आलेला सापगावचा गणपत हसला, "दादा, बैल नाय तो!"

मोठा पतंग असता तर हाडं मोडली असती. तरी हा खेळ मी शिकणारच. तुम्हीही आधी पतंग घेऊ नका. पुढच्या रविवारच्या शिकवणीसाठी आजच खाली नाव लिहा.