दोन्ही बाजू सारख्या

धुळा दाढीला बसला की मी हातातलं पुस्तक मिटायचो. बघण्यासारखं असायचं.

चौऱ्याण्णव साल. आम्ही कुपवाडला एका खोलीत राहायचो. तो एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता, जॉब म्हणजे लोखंडाचे तुकडे कातायचा. मी वाईचा, मराठी घेऊन बी.ए. झालेला, त्याच वर्कशॉपच्या ऑफिसात बसायचो. धुळा म्हसवडच्या पलीकडच्या एका वाडीतला. त्याचे वडील नाथाजी अजून मेंढरं राखायचे.

सुरुवातीला धुळाची दाढी म्हणजे मारामारी होती. कामावर यायचा तो गालाला वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून. एकदा फोरमन नानासो त्याला म्हणाले, "धुळा, लेथवर टूल दाबलंस तर जॉबचं काय हुतं?"

"वाया जातोय."

"मग तोंडावर कशाला दाबतोस? रेझरला वजन हाय की त्याचं."

नानासो हे बोलून विसरले. धुळा विसरला नाही. त्याने सांगलीला जाऊन पितळेचा जड रेझर आणला. दुकानात होती तेवढ्या जातींची पाती एकेक करून आणली. एक पातं आठवडाभर वापरायचा, मग दुसरं. साबण बदलला. ब्रश आधी गरम पाण्यात भिजू लागला. फेस गालावर न करता वाटीत होऊ लागला. त्यासाठी खोलीतली एक वाटी गेली. मग आम्ही आमटी एकाच वाटीत घ्यायचो.

मग त्याने केसांचा रोख शोधला. डोळे मिटून गालावरून बोटं फिरवायचा.

"हितं भोवरा हाय बघ," तो गळ्याजवळ बोट ठेवून म्हणाला. "मेंढराला बी असतोय. तितं कातर उलटी घातली की कातडं निघतं."

आधी रोखाने एक हात. पुन्हा फेस. मग आडवा हात. उलटा कधीच नाही. शेवटी तुरटी. तुरटी झोंबली तर दाढी नापास. नाही झोंबली तर दिवसभर स्वारी खूश.

एवढं झाल्यावर उरली मिशी. जाड, काळीभोर मिशी होती त्याची. गाल इतके साफ झाले होते की आता मिशीची कड वाकडी दिसू लागली.

एका रविवारी मी सांगलीहून आलो. धुळा भिंतीकडे तोंड करून बसला होता. वळला. वरच्या ओठावर काही नव्हतं.

मी विचारलं, "काय झालं?"

"डावी बाजू जरा जास्त वाटली."

"मग?"

"मग उजवी."

मी हसत सुटलो. तो हसला नाही.

"आमच्यात बाप गेल्यावर मिशी काढत्यात, गड्या. बाप जित्ता असताना काढली तर लोक म्हनत्यात, पोरगं बापाच्या मरनाची वाट बघतंय."

"आबांना कोण सांगणारय?"

"म्हनून तर मिशी येईस्तोवर गावाकडं जात न्हाई."

तोंडावर रुमाल आला. वर्कशॉपात रोज चौकशी व्हायची. "काय धुळा, दाढ दुखतीया का?" "नवरीवानी पदर का घेतलायस रं?" तो मान हलवायचा आणि लेथ सुरू करायचा.

पण सांगलीच्या स्टँडवर चहा पिताना रुमाल काढावाच लागतो. तिथेच त्याच्या वाडीतल्या आकारामने त्याला पाहिलं. आकाराम मिरजेला हमाली करायचा, दोन महिन्यांनी गावी निघाला होता. अशा वेळी पोराला काय विचारायचं, असा विचार करून तो बोलायला आला नाही. मुकाट्याने एस.टी.त बसला.

हे आम्हाला पुढच्या रविवारी कळलं. सकाळी दारात स्वतः नाथाजी उभे होते. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी.

धुळाचा हात रुमालाकडे गेला.

"ऱ्हाऊ दे," नाथाजी म्हणाले. "दिसलं."

ते उंबऱ्यातच थांबले. "आकाराम आला. दारातनंच गळा काढला. मी भाईर आलो, म्हनलं, कोन गेलं रं? माज्याकडं बघून मटकन खाली बसला. त्याला चा पाजला."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"हसाय काय झालं," नाथाजी मला म्हणाले. मग धुळाकडे वळले. "वाडीत म्हनत्यात, पोरानं शेरात जाऊन बापाला मारून टाकला. मी काय सांगू त्यास्नी?"

"आबा, तसं न्हाई." धुळा म्हणाला. "दोन्ही बाजू सारक्या करत हुतो."

नाथाजींनी कोनाड्यात पाहिलं. रेझर, ब्रश, वाटी, तुरटी ओळीने ठेवलेली.

"ह्यानंच काढलीस?"

"व्हय."

त्यांनी घोंगडी ठेवली, पटका उतरवला आणि चटईवर मांडी घातली. "कर."

"काय, आबा?"

"माजी दाढी. आन् मिशीला कड मार. दोन्ही बाजू सारक्या."

मीच स्टोव्हवर पाणी ठेवलं.

धुळाने गरम पंचा वडिलांच्या गालांवर धरला. बोटांनी पांढऱ्या खुंटांचा रोख पाहिला. गळ्याजवळ थांबला. म्हणाला, "तुमाला बी हितंच भोवरा हाय." नाथाजींनी नुसता हुंकार दिला.

एक हात झाला. आडवा हात झाला. कुठे रक्त नाही. मग मिशी. धुळाने उजवीची कड मारली, डावीची मारली, मागे सरून पाहिलं. मलाही दिसत होतं. डावी जरा जास्त होती. त्याने रेझर उचलला. ओठाजवळ नेला.

नाथाजींनी डोळे उघडले.

धुळाने रेझर पाण्याच्या मगात टाकला.

"सारक्या हायत, आबा."

मी आरसा धरला. नाथाजींनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली. डावी बाजू बोटाने चाचपली.

"व्हय," ते म्हणाले. "सारक्या हायत."

धुळाने तुरटी फिरवली. "झोंबतीया का?"

"न्हाई."

मग नाथाजींनी पटका बांधला, पण आधीपेक्षा जरा मागे, चेहरा दिसेल असा. "चल आता गावाकडं. वाडीत समद्यास्नी दाखवू दाढी. कुनी केली इचारलं तर तू फुडं हो."

"मी? असा?"

"मग कसा? आन् आकारामाच्या घराम्होरनं जायाचं. चा त्याच्याकडं घिऊ."

धुळाने रुमाल काढला, त्यात रेझर आणि ब्रश गुंडाळले आणि पिशवीत टाकले. जाताना वाटीही घेतली. त्या आठवड्यात आमटीची वाटी मला एकट्याला मिळाली.