भोपळ्याची दोन भोकं

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही — आणि बोलण्यात मी कसा, ते तामलवाडीच्या पंचक्रोशीत कुणालाही विचारा. वाघाच्या कानफटात मारल्याची हकिकत मी अकरा प्रकारे सांगितलीय. एकही खरी नाही. ही मात्र खरी, आणि हिचा प्रकार एकच.

निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी नऊ वर्षांचा. गावातली पोरं रसूलचाचांच्या विहिरीत पोहायला शिकायची — कमरेला वाळका भोपळा बांधून. चाचांचा हमीद माझा जिवाचा दोस्त. मी भर पुरात नदी तीनदा पार केल्याचं सांगून बसलेलो, आणि भोपळा सोडायची छाती नव्हती. एक दिवस चाचा सगळ्यांदेखत म्हणाले, "आठ दिसांत हमीदचा भोपळा सुटंल. आन् सदा, तू नदी भोपळ्यासंगंच पार केलतीस व्हय रं?"

पोरं लई हसली. हमीदही हसला.

त्याच दुपारी मी त्याच्या भोपळ्याला खिळ्यानं भोक पाडलं. एक नव्हे — दोन. एक पाणी आत शिरायला, एक हवा बाहेर पडायला. वरून शेण लिंपलं. आता सांगा, हे अजाण पोराचं काम?

विहिरीवर आम्ही दोघंच. हमीद मधोमध गेला. शेण विरघळलं. तो खाली गेला, वर आला, माझं नाव घेतलं, पुन्हा गेला. आणि मी? मी पायरीवर उभा. नुसता उभा! मोटेचा नाडा पाण्यात लोंबत होता, तो धरून तोच कसाबसा पायरीपर्यंत आला आणि बेशुद्ध पडला. मग माझे पाय हलले. त्याच्या कमरेचा भोपळा सोडला, दगडानं फोडला, पाण्यात टाकला. मग ओंजळीनं पाणी घेऊन स्वतःला डोक्यापासून भिजवलं. आणि मग — बोंब ठोकली.

चाची धावत आल्या. मला ओल्यालाच कवटाळलं. "बेटा, तू नसतास तर माजा हमीद गेला आसता रे!"

"तळापतूर बुडी मारली, चाची," मी म्हणालो.

तळापतूर!

तेव्हापासून त्या घरी ईदेला शिरखुर्म्याची पहिली वाटी माझी. हमीदला नाडा धरल्याचं काही आठवत नव्हतं; त्यानं माझीच गोष्ट आधी बायकोला सांगितली, मग पोरांना, मग नातवंडांना. माझी एवढीच गोष्ट गावानं खरी मानली.

लहान होतास, म्हणाल? खबरदार! बालपण म्हणजे काय कच्ची कैरी? शेण लिंपणारं ते पोर पुरतं तयार होतं — पुढं मी नुसता उंच झालो. दोस्तावर जीव टाकणारंही तेच, खिळा घेणारंही तेच. ते सगळं माझं आहे. निरागस म्हणून त्यातलं काही पुसायला याल, तर मी हात धरीन.

हमीद यंदा गेला. त्याचा मुलगा दारात आला. "सदाकाका, जनाज्याला पहिला खांदा तुमचा. अब्बा सांगून गेलेत."

मी दिला.