टॉवेलाच्या काठावरचा पत्ता

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, देवाला तर नाहीच — त्याला आधीच माहीत असणार म्हणून त्याच्यासमोर उभं राहायचीच लाज. काल मात्र एका माणसाला सांगितलं. आज तुला सांगते. मध्ये बोलू नकोस हं. मी एकदा थांबले की पुन्हा सुरू व्हायला लई वेळ लागतो.

मी मूळची मोडनिंबची. सोलापुरात कॉम्प्युटर शिकायला आले आणि साखर पेठेत एका विणकराच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहिले. खाली टॉवेलाचे माग, वर आम्ही. घरात माणसं दोनच — सरोजा, माझ्याच वर्गातली, आणि तिचे वडील. सरोजा त्यांना तेलुगूत नान्ना म्हणायची, मग मीही नान्नाच म्हणायला लागले. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. माझं पाऊल जिन्यात वाजलं की मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून नान्ना विचारायचे, "तिन्नावा अम्मा?" म्हणजे, जेवलीस का बाई. जेवलेली असले तरी मी नाही म्हणायचे. चिंचेच्या आमटीचा आंबट वास, गरम भात, आणि समोर सरोजा माझ्या 'लई'ची आणि 'हाय की'ची नक्कल करत बसलेली. आज माझा विजापूर रोडला फ्लॅट आहे, सगळं आहे. पण दुपारी आडवी झाले की पाठीखाली ती मागांची थरथर शोधते. तू कधी असं घर गमावलंयस का, जे मुळात तुझं नव्हतंच?

शिकून झाल्यावर आम्ही दोघींनी त्याच खोलीत वेबसाइटी बनवायचं काम सुरू केलं. पानं कशी दिसायची ते सरोजा बघायची, सर्व्हर मी. पहिली साइट अर्थातच नान्नांच्या टॉवेलांची. ती बघून माणूस असा हरखला म्हणतेस! आम्हाला न विचारता जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उतरवायची भोकांची कार्डं करून घेतली आणि टॉवेलांच्या काठात साइटचा पत्ता विणून टाकला. बरं, नुसतं नाव विणावं की नाही? नाही. स्क्रीनवर दिसलं तसं अक्षर न् अक्षर उतरवलेलं — नाव, मग पेज डॉट पीएचपी, मग प्रश्नचिन्ह, मग आयडी बरोबर सात. एवढं लांबलचक शेपूट लाल काठावर पांढऱ्या सुतात! सरोजा तर हसून हसून भिंतीला टेकली. नान्ना म्हणाले, "हसा. कागद फाटतंय, सूत ऱ्हातंय." ते टॉवेल लग्नांतून गेले. आणि आहेराचा टॉवेल कसा असतो तुला माहीत आहे — तो कुणी अंगाला लावत नाही, घडी न मोडता पुढच्या लग्नात पुढं जातो. म्हणजे तो पत्ता गावोगाव फिरणार, आणि आम्ही तो कधी मरू द्यायचा नाही, असं आमचं ठरलं.

रोज सकाळी माग सुरू करायच्या आधी नान्ना उदबत्ती लावायचे आणि मग फोनवर साइटचं नुसतं नाव टाकून बघायचे, शेपूट टाकायचा कंटाळा. पान उघडलं की खूश. तिथं सरोजानं काढलेला त्यांचा फोटो होता, मागाजवळ उभे, खांद्यावर टॉवेल, हसताहेत.

आता मी मुद्द्याकडे येते. येते म्हणते आणि बघ, अजून भाताच्या वासातच घुटमळतेय.

काम वाढलं तसं मी सगळ्या साइटींच्या पुढं एकच सर्व्हर उभा केला. आमच्या भाषेत रिव्हर्स प्रॉक्सी. अवघड काही नाही. गिऱ्हाईक आलं की नान्ना कसे दारातल्या खुर्चीत बसून ऐकून घ्यायचे, आत हाक मारायचे आणि माल बाहेर यायचा — गिऱ्हाईक आत येतच नाही, त्याला दारातला माणूस तेवढा दिसतो. तसंच. आत दहा घरं असली तरी दार एकच, आणि कुणाला कुठल्या घराकडं पाठवायचं ते दारावरच्या नियमांत लिहिलेलं. ते नियम मी लिहायचे. दुसऱ्या कुणालाही त्यातलं कळत नव्हतं, सरोजालाही नाही.

त्या दारामागं एक मोठे शेठही होते, टॉवेलांचेच व्यापारी, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांची जुनी साइट आम्ही नान्नांच्याच साच्यातून काढलेली, त्यामुळं तिथंही पेज आणि आयडी सात होतंच. शेठना नवी साइट हवी होती, छान सुटसुटीत पत्त्यांची. मी नियम लिहिला — जुन्या पत्त्यावर आलेल्याला शेठच्या नव्या पानावर न्या. तो नियम शेठच्या घरापुरता लिहायचा होता. मी तो सगळ्यांच्या सामाईक दारावर लिहिला. आणि त्यावर शिक्का मारला — कायमचा. म्हणजे ब्राउझरला सांगितलं, हे घर आता हलवलं, पुन्हा विचारायला येऊ नकोस, लक्षातच ठेव.

चूक एवढीच. चूक कोण करत नाही? नुसतं नाव टाकलं की नान्नांची साइट नीट उघडायची, म्हणून मी बघून सोडून दिलं. टॉवेलाच्या काठावरचा पत्ता टाकला की मात्र शेठचं दुकान. त्याच आठवड्यात सरोजानं नान्नांच्या पानाला नवं रूप दिलं होतं. आणि त्याच आठवड्यात शेठनं तिला नोकरीबद्दल विचारलं होतं, ती त्यांच्या ऑफिसात जाऊन आली होती. मला ते आवडलं नव्हतं — तेही सांगून टाकते. ती गेली तर खोलीत मी एकटीच, याचा राग होता मला.

मग मैंदर्गीचे एक पाहुणे आले. त्यांनी कुणाच्या तरी आहेरातला टॉवेल बघून, काठावरचा पत्ता टाकून, मुलीच्या लग्नासाठी माल मागवला होता. आला तो शेठचा. पाहुणे तावातावानं म्हणाले, "अण्णा, तुमचं नाव बघून मागिवलं की ओ! हे काय आलंय?" नान्नांनी फोन काढला, पत्ता टाकला. शेठचं दुकान उघडलं. त्यांनी माग बंद करायला सांगितले. त्या घरात दिवसाढवळ्या एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

नान्नांनी सरोजाला विचारलं, घरचं नाव तू शेठला दिलंस काय? ती म्हणाली, मी काही केलं नाही, वैशूला विचारा. आणि नान्ना माझ्याकडं वळले. "वैशू, तू सांग अम्मा. तू सांगशील ते खरं."

मला तोवर कळलं होतं. शपथेवर सांगते, पाहुण्यांचं बोलणं ऐकतानाच कुठला नियम, कुठली ओळ, सगळं डोळ्यापुढं आलं होतं. आणि मी म्हणाले — "मला नाही माहीत, नान्ना. पानांचं सगळं सरोजा बघते."

पहिलं वाक्य भित्रेपणाचं होतं. दुसरं? दुसऱ्याची काय गरज होती? ते कुणी मागितलं नव्हतं. ते मी आपणहून दिलं.

सरोजानं माझ्याकडं बघितलं. चिडून नाही — चिडली असती तर बरं झालं असतं. कोड्यात पडल्यासारखं बघितलं, मी आता हसेन आणि म्हणेन, गंमत केली गं, असं वाटत असल्यासारखं.

मी वर गेले आणि नियम दुरुस्त केला. चहा व्हायच्या आत काम झालं. सरोजानं आपल्या लॅपटॉपवर पत्ता उघडला, नान्नांचं पान आलं, ती धावत खाली गेली. बघा, नीट आहे की! नान्नांनी आपला फोन पुढं केला. त्यांच्या फोनला 'कायमचं' म्हणून सांगितलेलं होतं ना, तो आपला शेठकडंच नेत होता. पाहुण्यांसमोर एकदाच तो पत्ता टाकला होता, तेवढ्यानं त्या फोनच्या डोक्यात ते पक्कं बसलेलं. एकाच पत्त्यावर बापाला एक दिसतंय, लेकीला एक. त्यांना वाटलं, पोरगी तोंडावर खोटं बोलतेय, स्वतःपुरतं काहीतरी नीट करून दाखवतेय. त्या फोनची आठवण पुसायला दोन बोटं लागली असती. माझी. मी जिन्यात उभी होते, कठड्याला धरून. मी खाली उतरले नाही.

सरोजानं शेठची नोकरी घेतलीच नाही. ती हैदराबादला गेली. बाप-लेकीचं बोलणं थांबलं ते थांबलंच. नान्नांनी काठातला पत्ता विणणं बंद केलं आणि ते पान उघडणंही. मी पण महिनाभरात खोली सोडली, ऑफिस मोठं हवं म्हणून — असं सांगितलं सगळ्यांना. एकदा मी खरं सांगायला म्हणून गेले होते. अगदी ठरवून गेले होते. दारातच नान्ना म्हणाले, "तिन्नावा अम्मा?" आणि मी पानावर बसले, दोनदा भात घेतला आणि हात धुऊन परत आले. काय म्हणशील अशा बाईला? मी तर स्वतःला काय काय म्हणून घेतलंय, त्यातलं तुझ्यासमोर बोलता येण्यासारखं काही नाही.

परवा मोडनिंबला चुलतभावाचं लग्न होतं. माझ्या नवऱ्याला टॉवेल-टोपीचा आहेर आला. घरी येऊन त्यानं घडी उलगडली आणि म्हणाला, "हे काय गं काठाला? प्रश्नचिन्ह हाय की!" लाल काठ. पांढरं सूत. आयडी बरोबर सात. किती लग्नं फिरून, किती घरांतून आला असेल, कोण जाणे. मी तो हातातून काढून घेतला आणि मोरीत जाऊन नळ सोडला, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. मला सरोजा हवी होती. मला ते घर हवं होतं. एवढी मोठी बाई मी, आणि तहान लागल्यासारखं हवं होतं.

काल गेले. आता एकच माग चालतो तिथं. नान्ना थकलेत. ते काही बोलायच्या आत मी बोलायला लागले, कारण त्यांनी आधी 'तिन्नावा' विचारलं असतं तर माझं पुन्हा तेच झालं असतं. सगळं सांगितलं. नियम, दार, कायमचा शिक्का, आणि ते दुसरं वाक्य. नान्ना ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे सरोजा खरं बोलत व्हती." मी व्हय म्हणाले.

फोन तोच आहे त्यांचा, काच तडकलेली. मी मागितला, त्यांनी दिला. मी आठवण पुसली आणि काठावरचा पत्ता टाकला. पान उघडलं — मी दरवर्षी पैसे भरून ते जिवंत ठेवत आलेय, पण ते काही मोठेपणानं सांगत नाही. त्यांचा फोटो आला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ तसाच धरला. मग सरोजाचा नंबर मागितला. माझ्याकडं होता, कायम होता. मी लिहून दिला.

ते मी जायची वाट बघत होते, म्हणून उठले. दुपारची वेळ होती. आतून भात शिजल्याचा वास येत होता. उंबऱ्यापाशी पाय आपोआप थांबले, सवयीचे. नान्ना फोनकडंच बघत होते. मी चपला घातल्या, जरा हळूच घातल्या.

त्यांनी मला जेवलीस का विचारलं नाही.