गच्चीवरच्या खोलीचा अंदाज

त्या दिवसांत मी एका जागी धड बसत नव्हते. लॅपटॉप कधी खिडकीशी, कधी स्वयंपाकघराच्या दारात, कधी पलंगावर. आमचं घर पूर्णेत, स्टेशनच्या मागच्या अंगाला. मीटिंगमध्ये मी बोलायला तोंड उघडलं की नेमकी गाडीची घोषणा व्हायची, आणि पुण्यातलं कोणीतरी विचारायचं, "आज पण प्रवासात का?" पहिल्यांदा मी हसले होते. नंतर नुसती चिडत होते.

आई गेली तेव्हा थोड्या दिवसांसाठी म्हणून आले आणि राहूनच गेले. घरात मी आणि रेल्वेतून रिटायर झालेले अण्णा, दोघंच. मग ऑफिसने कळवलं की घरून काम आता बंद, पुढच्या महिन्यापासून पुण्यात हजर व्हायचं. मी त्याच दुपारी होकार पाठवला. आनंदाने पाठवला. अण्णांना संध्याकाळी सांगू म्हटलं, तर संध्याकाळी ते मोजायचा टेप घेऊन गच्चीवर चढलेले. खाली आले ते घाम पुसत.

"वर एक खोली टाकू, माय. तुझ्या कामाला. खाली माझ्या टीव्हीचा तुला लय तरास व्हायलाय."

मी त्यांना पाण्याचा तांब्या आणून दिला. दुसऱ्या दिवशी ते खिडकी कोणत्या अंगाला पायजे म्हणून विचारत होते, तिसऱ्या दिवशी जिना आतून की बाहेरून. मी "बघू" म्हणून वेळ मारून नेत होते आणि दिवसभर विनाकारण भांडी आपटत होते.

माझं काम लोकांना सांगितलं तर पटत नाही. आमच्या कंपनीने बांधकामाचे दर गोळा करून ठेवलेत. सिमेंट, वाळू, गज, गवंड्याची मजुरी, सगळं जिल्हावार. घर बांधणाऱ्याने विचारलं की एआय एजंट, म्हणजे चॅटवर माणसाशी बोलणारा प्रोग्राम, त्या साठ्यातून दर काढून आणतो. त्यासाठी त्याच्याकडे निरनिराळी टूल्स असतात, एक दर शोधायला, एक खर्चाचा हिशोब मांडायला. कोणतं टूल कधी वापरायचं, त्याला आधी काय काय माहिती द्यायची, हे त्या एजंटला कुठून कळणार? टूलच्या वर्णनातून. ते वर्णन मी लिहिते. म्हणजे माझा वाचक माणूस नाहीच. कधी कंटाळत नाही, पण अतिउत्साही आहे. एखादी गोष्ट माहीत नसली तरी अडून बसत नाही, मनानेच काहीतरी धरून चालतो आणि ठोकून आकडा सांगतो.

वरची खोली बांधायची तर पत्रे टाकायचे की स्लॅब, हे ती किती वर्षं वापरायची त्यावर ठरतं. एजंट ही वर्षं परस्पर भरून टाकायचा. म्हणून मी वर्णनात लिहिलं : वर्षांचा रकाना कधीही अंदाजाने भरू नये, माणसाला विचारावं. यावरून माझं आणि पुण्यातल्या साहेबांचं चांगलंच वाजलं. लोकांना प्रश्न आवडत नाहीत, उत्तर हवं असतं, असं त्यांचं म्हणणं. मी हटले नाही. न विचारता दिलेलं उत्तर ही शुद्ध लबाडी आहे असं मी भर मीटिंगमध्ये बोलले. ते वाक्य शेवटी तसंच राहिलं, आणि मी दिवसभर जरा टेचात होते.

आता ते मराठीत नीट चालतंय का, एवढं तपासायचं होतं. अण्णा समोरच शेंगा फोडत बसले होते. मी म्हटलं, चला, तुमच्या खोलीचंच विचारून बघू. लांबी-रुंदी त्यांनी तोंडपाठ सांगितली, मी टाइप केली. गावही टाकलं.

एजंटने विचारलं, "ही खोली किती वर्षं वापरायची आहे? त्यावर छत कोणतं आणि खर्च किती, हे ठरेल."

अण्णांनी चष्मा वर ढकलला, पुढे वाकून प्रश्न वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

"हे तर तुलाच इचारायलंय."

मला त्या एजंटचा असा राग आला! धरली असती मनाने वीस-पंचवीस वर्षं, तर काय बिघडलं असतं त्याचं? पण चिडणार कोणावर, वाक्य तर माझंच.

"अण्णा, मी जायलेय. पुण्याला. पुढच्या महिन्यात."

"कवा ठरलं?"

"तुम्ही गच्चीवर टेप घेऊन गेलात, त्या दिवशी. दुपारीच."

"अन् मला येड्यावानी खाली-वर करू दिलंस?"

तेवढ्यात मालगाडी आली. गाडी जाईपर्यंत बोलणं थांबवायची आमच्या घरात सवयच आहे. ती मालगाडी काही केल्या संपेना. अण्णा टरफलं एका बाजूला लोटत राहिले. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी कधी एकदा पुण्याला जाते असंही झालं होतं. दोन्ही खरं होतं.

गाडी गेली. अण्णा म्हणाले, "लिही. लय वर्षं लिही."

"कशाला आता?"

"किरायादार ठेवतो. लेकराबाळांचा बघून. त्येंला काय पत्र्याखाली भाजायचं?"

मी आकडा टाकला. एजंटने क्षणात स्लॅबचा सगळा हिशोब मांडला, सामान वेगळं, मजुरी वेगळी. मी खालची बेरीज वाचून दाखवली.

"एका किरायादारापायी एवढे?" अण्णा म्हणाले, आणि शेंगांची पाटी उचलून आत गेले.

इतके दिवस ते त्या खोलीबद्दल बोलत होते. खर्च किती येईल, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.