रिकाम्या ओव्हनमधलं ग्लासभर पाणी

बायडाबाई साक्री तालुक्यातली. नवरा चिंधा १९८६ साली मसाटच्या एका पिंपांच्या कारखान्यात लागला, तशी तीही दोन ट्रंका आणि पाटा-वरवंटा घेऊन सिल्वासाला आली. त्या वर्षांत करमाफीच्या ओढीने मुंबईचे शेठ इथे यायचे, माळावर कंपाउंड घालायचे आणि गेटवर पाटी लावायचे. पाटी आधी, कारखाना मागाहून. जवळच्या सायली गावात अशाच एका पाटीमागे धाग्याचा कारखाना उभा राहिला. बायडाबाई तिथे झाडू मारायला लागली आणि दोन वर्षांत चहावर आली. कारागीर तिला मावशी म्हणत, गुजराती सुपरवायझर बेन म्हणत, आणि ती सगळ्यांशी अहिराणी, हिंदी, गुजराती एकाच वाक्यात कालवून बोलायची. शाळा चौथीपर्यंत झालेली. पण कान फार तिखट. मशीनच्या रांगेतून केटली घेऊन जाताना ती सहज सांगायची, "चौथ्या मशीनचं बेअरिंग रडतंय." दोन दिवसांनी ते खरंच जायचं, आणि मग त्यावर अहवाल लिहिला जायचा.

अहवाल लिहायचे केतकरसाहेब. उदय केतकर, पुण्याचे इंजिनियर, कारखान्याचे मॅनेजर. माणूस मनाने वाईट नव्हता, पण १९९४ साली कंपनीला गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळवायचं ठरलं आणि तेव्हापासून त्यांना कागदाची बाधा झाली. प्रत्येक कामाची लेखी कार्यपद्धती हवी. दिवा लावण्याची होती, दिवा मालवण्याची होती. संडासाच्या दारावर "सुधारित आवृत्ती दोन" असा कागद होता. आवृत्ती एकमध्ये काय चुकलं होतं ते कुणी विचारलं नाही.

अशात शेठजींनी मुंबईहून मायक्रोवेव्ह ओव्हन पाठवला. पाहुण्यांचं जेवण गरम करून द्यायला. खोकं बायडाबाईनेच फोडलं. थर्माकोल काढला, काचेची फिरती ताटली पुसून बसवली, आणि तळाशी सापडलेली पुस्तिका उलगडून पाहिली. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण चौथ्या पानावर चित्रं होती आणि चित्रांना भाषा लागत नाही. स्टीलची वाटी, तिच्यावर फुली. कवचासकट अंडं, फुली. घट्ट झाकणाची बरणी, फुली. आणि शेवटी नुसता रिकामा ओव्हन, आत काहीच नाही, त्याच्यावर सगळ्यांत मोठी फुली. बायडाबाईने चारही फुल्या ध्यानात ठेवल्या. तेवढ्यात केतकरसाहेब आले, त्यांनी पुस्तिकेवर "नियंत्रित प्रत" असा शिक्का मारला आणि ती कपाटात बंद करून किल्ली खिशात टाकली.

आठवड्याभरात ओव्हनची कार्यपद्धती तयार झाली. अकरा पानं. ओव्हन चालवायला तीन अधिकारी अधिकृत ठरले. बायडाबाई अधिकृत नव्हती. तिने फक्त पुसायचं.

तीन अधिकारी अकरा पानं वाचून आले आणि एकच गोष्ट करू लागले: पॉवर पूर्ण, टायमर पाच मिनिटं. पोळी असो, भात असो, बटाटेवडा असो. पोळीचा पापड व्हायचा, वडा बाहेरून कोमट आणि आतून तोंड पोळणारा, दुधाचं तर अर्धं कपात आणि अर्धं ताटलीवर. दर वेळी अहवाल व्हायचा आणि दर वेळी कारण एकच निघायचं: सिल्वासाचं व्होल्टेज.

ओव्हन पुसायचं काम बायडाबाईचं, त्यामुळे कुणाचं काय बिघडलं ते सगळ्यात आधी तिच्या फडक्याला कळायचं. तिचा कानही कामाला लागला. पॉवर पूर्ण असली की यंत्र सलग घुमतं. बटण निम्म्यावर असलं की घुमतं, गप्प होतं, पुन्हा घुमतं. म्हणजे निम्मी पॉवर म्हणजे बारीक आच नव्हे. आच तीच, पण मधूनमधून विसावा. त्या विसाव्यात ऊब सगळीकडे सारखी पसरते. हे तिला स्वयंपाक येत होता म्हणून उमगलं. केतकरसाहेबांना स्वयंपाक येत नव्हता, पण त्यांना आलेख येत होता, आणि आलेखात विसावा दिसत नव्हता.

मग आठव्या पानावरचं कलम अमलात आलं. टायमर बरोबर चालतो की नाही, याची रोज सकाळी नऊ वाजता तपासणी. पूर्ण पॉवर, तीन मिनिटं, ओव्हन रिकामा. स्टोअरच्या नलिनी मॅडमनी सहा फुटांवर उभं राहून स्टॉपवॉचने वेळ मोजायची आणि तक्त्यात लिहायची.

पहिल्याच दिवशी बायडाबाईने ऐकलं "ओव्हन रिकामा" आणि हातातलं फडकं खाली ठेवलं. "साहेब, मोकळा नका चालवू," ती म्हणाली.

"मावशी, ही तपासणी आहे. यात जेवण गरम करायचं नाहीये."

"तेच म्हनते मी. आत काही नसलं तर ती आग जाईल कुठं?"

"आग नसते त्यात," केतकरसाहेब समजूत घालत म्हणाले. "तरंग असतात."

"बरं, तरंग. ते तरी कुठं जातील?"

केतकरसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि मीटिंगला गेले. त्या दिवशी ओव्हन मोकळाच चालला आणि कसाबसा निभावला.

बायडाबाईने भांडण केलं नाही. दार उघडणं-लावणं हे पुसण्यातच मोडतं, असा तिने स्वतःपुरता निर्णय घेतला. दुसऱ्या दिवसापासून नऊला पाच कमी असताना ती दार पुसायची आणि जाड काचेचा ग्लास पाण्याने भरून आत ठेवायची. नलिनी मॅडम सहा फुटांवरून स्टॉपवॉचकडे बघत. ओव्हनकडे बघा असं कार्यपद्धतीत नव्हतं.

ग्लास ठेवला त्या पहिल्या दिवशी पाणी फसवं निघालं. ना बुडबुडा, ना खळखळ. बायडाबाईने चहाची भुकटी टाकली आणि सगळं उसळून तिच्या मनगटावर आलं. फोड आला. तेव्हापासून ती ग्लासात लाकडी चमचा उभा ठेवी आणि टायमर वाजल्यावर मिनिटभर दाराला हात लावत नसे. त्या पाण्याचा चहा नलिनी मॅडमना मिळू लागला. पाचव्या दिवशी मॅडमनी कप हातात घेत हळूच विचारलं, "मावशी, गॅस तर बंद आहे. पाणी कुठून आलं?"

"तपासनीचं पानी, मॅडम," बायडाबाई म्हणाली. मॅडमनी चहा संपवला आणि तक्त्यात लिहिलं: ओव्हन रिकामा, टायमर ठीक.

असे सात महिने गेले. ओव्हन ठणठणीत राहिला, आणि त्याचं श्रेय केतकरसाहेबांनी एका तिमाही अहवालात अकरा पानांना दिलं.

पंच्याण्णवच्या जुलैत प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे तपासनीस आले. गंभीर माणूस, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांनी संडासावरची आवृत्ती दोन पाहिली, मान डोलावली. नऊ वाजता पॅन्ट्रीत येऊन म्हणाले, "ही तपासणी करून दाखवा." आणि कुणी काही करायच्या आत त्यांनी स्वतःच ओव्हनचं दार उघडलं. आत ग्लास. ग्लासात लाकडी चमचा.

"कार्यपद्धतीत रिकामा लिहिलंय," तपासनीस म्हणाले. "हे काय?"

केतकरसाहेबांचा चेहरा उतरला. "मावशी, हे कोणी ठेवलं?"

"मी."

"का?"

"फुली आहे ना साहेब. मोकळ्या ओव्हनवर. चोपडीत."

"ती नियंत्रित प्रत आहे! तुम्ही कशी पाहिली?"

"तुम्ही नियंत्रित करायच्या आधी पाह्यली."

तपासनिसांनी वहीत काहीतरी लिहिलं. ते लिहिताना पाहून केतकरसाहेबांनी घाईघाईने ग्लास बाहेर काढला, दार लावलं, पूर्ण पॉवर, तीन मिनिटं. नलिनी मॅडमनी स्टॉपवॉच दाबलं. बायडाबाई भिंतीवरच्या स्विचजवळ जाऊन उभी राहिली. मिनिटभर नेहमीसारखं घुमलं. मग आवाज फाटल्यासारखा झाला. आत एका बाजूला चर्रकन ठिणगी उडाली, ताटली टणकन तडकली, जळका वास सुटला. केतकरसाहेब दाराकडे झेपावले.

"दार नको!" बायडाबाई ओरडली आणि तिने स्विच खाली ओढला, पाठोपाठ प्लगही काढला. "असू द्या बंद. आतलं आत विझू द्या."

टायमर कुठे थांबला, याची नोंद करायची की नाही, असं नलिनी मॅडमनी विचारलं.

तपासनिसांनी पुस्तिका मागवली. कपाटाची किल्ली केतकरसाहेबांच्या दुसऱ्या पँटमध्ये होती. गाडी त्यांच्या घरी जाऊन पँट घेऊन आली. चौथं पान उघडलं, आणि रिकाम्या ओव्हनवरची फुली सगळ्यांनी आळीपाळीने, चष्मा लावून, पाहिली.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. ताटली नवीन आली, आतला एक जळका पत्रा बदलला. कार्यपद्धती सुधारली: अकराची चौदा पानं झाली, आणि पाण्याच्या ग्लासाला एक लांब इंग्रजी नाव मिळालं. ग्लास ठेवण्यासाठी माणूस प्रशिक्षित हवा, म्हणून केतकरसाहेबांनी स्वतः बायडाबाईला चाळीस मिनिटं प्रशिक्षण दिलं, फळ्यावर ग्लासाची आकृती काढून. चमचा आकृतीत नव्हता. बायडाबाईने तो सुचवला, तेव्हा साहेब म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत बघू." तिने रजिस्टरवर मराठीत सही केली. संध्याकाळी घरी आल्यावर चिंधाने विचारलं, "काय व्हयनं आज?"

"साहेबनी माले पानी ठेवानं शिकाडं," ती म्हणाली, आणि दोघंही खोकला येईपर्यंत हसली.

प्रमाणपत्र मिळालं. सत्कार झाला. शाल-श्रीफळ घेऊन केतकरसाहेबांनी भाषणात "आमच्या निरीक्षणातून पुढे आलेली पाण्याची पद्धत" असा उल्लेख केला. बायडाबाई मागे कप विसळत होती. तिला राग आला का? आला. तिने त्या दिवशी साहेबांच्या चहात साखर टाकली नाही, आणि साहेबांना भाषणाच्या भरात ते कळलंही नाही.

दिवाळीच्या सुमारास केतकरांच्या घरीही मायक्रोवेव्ह आला. महिन्याभराने साहेबांच्या पत्नी ज्योतीताई स्वतः पॅन्ट्रीत आल्या. "मावशी, रविवारी याल का हो? ह्यांनी मला चौदा पानं दिलीत. माझ्याकडून तीनदा भात जळाला."

बायडाबाई गेली. केतकरसाहेब हॉलमध्ये पेपर उघडून बसले होते. ज्योतीताईंनी काल रात्रीची भाजी काढली, तीही स्टीलच्या वाटीत. बायडाबाईने ती चिनीमातीच्या वाडग्यात ओतली, वर बशी जराशी तिरकी झाकली.

"घट्ट नको, वाफेला वाट ठेवायची. आता पॉवर निम्मी. टायमर एकच मिनिट."

"एकच?"

"कमी पडलं तर पुन्हा लावता येतं ताई. जास्त झालेलं परत काढता येत न्हाई." मिनिटाने तिने भाजी ढवळली, पुन्हा अर्धं मिनिट लावलं, आणि टायमर वाजल्यावर ज्योतीताईंचा हात धरला. "थांबा. आत अजून शिजतंय. आणि फडकं घ्या, वाडगा पोळतो. बशी काढताना तोंड लांब."

भाजी सगळीकडून सारखी गरम निघाली. ज्योतीताईंनी एक घास खाल्ला आणि लगेच वहीत लिहायला बसल्या. अर्धं पान पुरलं.

हॉलमधला पेपर केव्हाच खाली आला होता. केतकरसाहेब हातात कालच्या उपम्याचा डबा घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते. डबा स्टीलचा होता; बायडाबाईने तिकडे नुसतं पाहिलं, तसे ते मागे वळले आणि काचेचा वाडगा घेऊन आले.

"मावशी," ते जरा चाचरत म्हणाले, "ह्याला किती मिनिटं?"

"बसा साहेब," बायडाबाई म्हणाली आणि स्टूल पुढे सरकवलं. "आधी त्यावर पान्याचा हबका मारा. मग सांगते."