कन्हानवरची ती सकाळ

पेट्रोल आणि ओल्या दोरखंडाचा वास एकत्र आला की मला कन्हान नदीवरचं ते दाट धुकं आठवतं. पुराचे दिवस जवळ आले होते आणि दोन इंजिनांची बचाव-बोट बचाव पथकात असलेल्या माझ्या नवऱ्याच्या ताब्यात आली होती. वेग घेतला की तिचं नाक वरखाली आपटायचं आणि वळताना ती एका अंगाला कलायची. अशा बोटीत पुरातली माणसं बसवायची कशी, या काळजीनं त्याला जेवण गोड लागत नव्हतं. एका सकाळी मीही सोबत गेले, पोहता येत नसतानाही. "काहून घाबरून राहिली वं? समोर जाऊन बस," तो म्हणाला. मी पुढे बसले तशी उसळी थोडी कमी झाली. मग त्यानं मागची पेट्रोलची टाकी मध्ये सरकवली. डावं इंजिन उजव्यापेक्षा जास्त बाहेर झुकलेलं होतं, तेही सारखं करून घेतलं. पुन्हा निघालो तेव्हा काठ धुक्यात विरघळले होते आणि वळण घेतानाही बोट न कलता अलगद सरकत होती. "आता?" त्यानं विचारलं. "वळवा नं अजून एकदा," मी म्हटलं. पुढे पुरात त्यानं त्याच बोटीतून एक बाळंतीण सुखरूप आणली, आणि तिचं बाळ सगळ्या वाटेत झोपूनच होतं. ते आता शाळेत जात असेल, असं मनात येतं आणि मनीषनगरच्या आमच्या घराच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना मी एकटीच हसते.