होडीचा पाळणा

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. नेमकं साल मला विचारू नका. का विचारू नका, तेच सांगायला बसलोय.

माझ्या कानामागे गाठ आली आणि ती कॅन्सरची निघाली. बोटीने मुंबईला गेलो. तिथल्या इस्पितळात गाठ काढली आणि मग डोक्याच्या त्याच बाजूला बरेच दिवस विजेचा शेक दिला. घरी आलो तेव्हा अख्खी वाडी बघायला लोटली. बरो दिसतंस, असं जो तो म्हणाला. दिसत होतोच. बिघाड आत होता.

बाजारात कढीसाठी सोलं आणायला जायचो आणि खराटा घेऊन यायचो. आंब्याची पेटी खिळे मारून बंद केली की आत पेंढा घातला की नाही, ही शंका यायची. मग खिळे उपटा, बघा, पुन्हा ठोका. दोन माणसं एकदम बोलायला लागली तर मला एकाचंही कळायचं नाही आणि मी दोघांवर खेकसायचो. एकदा तर जेवून हात धुतलेल्या पाहुण्याला मी पुन्हा आग्रहाने पाटावर बसवलं. आमच्याकडचा पाहुणा तो, माशाची कढी बघून निमूट बसला.

बायको वैतागून म्हणाली, "मुंबयच्या डॉक्टरान गाठीवांगडा आणखी काय काय काढल्यान, ता एकदा इचारून येवा!"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण वाडीचं गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे होता. आमच्याकडे लग्न असो, पेरणी असो की कोण नोकरीला निघालेला असो, नारळ ठेवून एकाने देवाला मोठ्याने सगळं सांगायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. वडिलांमागे ते काम माझं. लिहिलेलं काही नसतं, सगळं तोंडपाठ. ते गेलं तर मी नुसता पेंढा नसलेली आंब्याची पेटी. मला त्याची भीती वाटायची आणि भीती वाटली की मी आणखी चिडायचो.

त्या वर्षी माझ्या चुलतभावाने नवी होडी बांधली. नारळी पौर्णिमेला ती दर्यात लोटायची होती. मी नारळापुढे उभा राहिलो आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या लेकरान ही नवी होडी केल्यान हा, तिका सांभाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वारो-वादळ, इडा-पिडा भायरच्या भायर काढ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

झकास चाललं होतं. होडीला हार घातलेला, हळद-कुंकू लावलेलं. तिच्याकडे बघता बघता डोक्यात काहीतरी सरकलं आणि मी नव्या नवरीच्या गाऱ्हाण्यात शिरलो. "आणि वर्साच्या आत हिची कूस भरांदे, घरात पाळणो हलांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी सवयीने ठणकावलं.

मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा किनारा हसत सुटला. चुलतभाऊ तेवढा हसला नाही. "रे, होडयेक पाळणो?" तो म्हणाला. पण व्हय म्हाराजा म्हणून झालेलं. देवापुढचा शब्द मागे कसा घेणार? होडी तशीच लोटली.

संध्याकाळी तो घरी आला आणि खाली बघत म्हणाला, "तू आता जरा इसावो घी. गाऱ्हाणा मी घालतंय." मी हो म्हटलं. तो गेल्यावर मी बायकोवर उगाच ओरडलो. तिने त्या दिवशी उलट उत्तर दिलं नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

वर्षभर गाऱ्हाणं त्याने घातलं. चांगलं घालायचा, मेला. मी मागच्या रांगेत उभा राहून व्हय म्हाराजा म्हणायचो.

पुढची नारळी पौर्णिमा जवळ आली तसा तो नारळ घेऊन दारात हजर. "तूच घाल," म्हणाला. "तुझा गाऱ्हाणा देवान मनार घेतल्यान. होडी गाभण रवली रे! जाता तेवा पोट भरान येता. बांगडो ठेवूक जागा नाय."

"माका आता जमूचा नाय."

"जमाक कित्याक व्हया? गेल्या वर्सा चुकलस तसोच चूक."

आता आली पंचाईत. नेमकी चूकच मला आठवेना. सगळ्या वाडीला पाठ, मला सोडून. बायकोने चार दिवस चुलीपुढे बसून माझ्याकडून घोकून घेतली.

किनाऱ्यावर उभा राहिलो. "बा देवा म्हाराजा!" म्हणालो आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. चूक गेली, बरोबर होतं तेही गेलं. नारळ दिसत होता, होडी दिसत होती, शब्द एकही नाही. मागे माणसं वाट बघत उभी. मी मनातल्या मनात एवढंच म्हणालो, देवा, बाकी काय व्हया ता ने, पण ही माणसा तेवढी माका इसरूक लावू नको.

आणि मी तोंडातून अवाक्षर काढलेलं नसताना मागून सगळी वाडी एका सुरात गरजली, "व्हय म्हाराजा!"

मी डोळे पुसले. चुलतभाऊ पुढे आला, हळूच म्हणाला, "देवाक कळला. फोड नारळ."

मी नारळ फोडला. होडी पाण्यात गेली तसा तो पुन्हा माझ्या कानाशी लागला. "पाळण्याचा सांगलस मा रे?"

"सांगलंय," मी म्हणालो.